घरच्या मोटारसायकलीसाठी टॉर्क पाना कोणता घ्यावा?

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतील आपल्या छोट्या व्यापाऱ्याचे निम्मे दुकान आज मोटारसायकलीवर असते. बांगड्यांच्या पेट्या मागे बांधून आठवडे बाजार गाठणारा मणियार घ्या, अत्तर-सुरमा आणि मसाल्याच्या पिशव्या घेऊन गावोगाव फिरणारा अत्तार घ्या, किंवा पहाटे नारायणगावच्या टोमॅटो बाजारात किंवा मंचरच्या भाजी बाजारात माल पाहायला निघालेला बागवान घ्या. गाडी एक दिवस बंद राहिली तर त्या दिवसाची रोजी बुडाली. १९७२ साली लुना आली तेव्हापासून ही गोष्ट आपण पाहत आलो आहोत. लुनाच्या जागी आज शंभर, सव्वाशे, दीडशे सीसीच्या गाड्या आल्या, एवढाच फरक.

अलीकडे एक चांगली सवय दिसू लागली आहे. ऑइल बदलणे, चेन ताणणे, प्लग साफ करणे ही कामे अनेकजण घरच्या अंगणात करू लागले आहेत. मजुरी वाचते आणि गॅरेजच्या दारात अर्धा दिवस ताटकळावे लागत नाही. आपल्या मुलांपैकी काही चाकणच्या कारखान्यांत कामाला जातात. तिथे प्रत्येक नट ठरलेल्या मापाने आवळला जातो हे ती पाहतात, आणि घरी येऊन वडिलांना सांगतात, अब्बा, टॉर्क पाना घ्या. वडील हार्डवेअरच्या दुकानात जातात आणि तिथे गडबड होते. या लेखाचा विषय ती गडबड आहे.

आधी एक स्वतःचा अनुभव. काही वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये माझ्या गाडीचे ऑइल बदलताना तिथल्या मुलाने खालचा ऑइलचा नट रिंग पान्याला लोखंडी पाईप लावून आवळला. त्या वेळी काही कळले नाही. पुढच्या वेळी नट काढला तर त्याच्या आट्यांत चांदीच्या तारेसारखी ॲल्युमिनियमची गुंडाळी अडकून बाहेर आली. इंजिनच्या आवरणाचे आटेच उपटून आले होते. बुश मारून काम भागले, पण गाडी तीन दिवस उभी राहिली, आणि तेही ऐन लग्नसराईत. गॅरेजचे नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण त्या मुलाला कुणी काही शिकवलेच नव्हते. आवळलेला नट सुटू नये एवढेच त्याला ठाऊक होते.

आता आपल्या बुजुर्ग मिस्त्रींचा आक्षेप. ते म्हणतात, आम्ही चाळीस वर्षे हाताच्या अंदाजाने नट आवळले, कधी काही झाले नाही, आता हे घड्याळाचे पाने कशाला? या आक्षेपाला हसून चालणार नाही. उस्तादाच्या मनगटात खरोखरच माप असते. जुन्नरला एके काळी हाताने कागद बनवणारी कागदी मंडळी होती, आणि लगद्यातून साचा उचलताना कागद किती जाड होईल हे त्यांच्या हाताला कळत असे. मोजायचे साधन त्यांच्याजवळ कुठे होते? पण तो हात तयार व्हायला उस्तादाच्या शेजारी दहा-दहा वर्षे बसावे लागे. वर्षातून चार वेळा घरी ऑइल बदलणाऱ्या दुकानदाराचा हात तसा कधीच तयार होणार नाही. त्याचा हात दिवसभर तराजू धरतो.

दुसरी गोष्ट अशी की उस्तादांचा हात ज्या यंत्रांवर तयार झाला ती यंत्रे वेगळी होती. डिझेल पंपाचे बिडाचे हेड आणि आजच्या मोटारसायकलीचे ॲल्युमिनियमचे इंजिन यांत फार अंतर आहे. बोल्ट पोलादाचा आणि आटे ॲल्युमिनियमचे असले की जोर लावणाऱ्याला बोल्ट मजबूत वाटतो, पण आतले आटे आधीच हार मानतात. १ एप्रिल २०१९ पासून नव्या दुचाकींना एबीएस किंवा सीबीएस ब्रेक बंधनकारक झाले, आणि डिस्क ब्रेक असलेल्या गाड्याही वाढल्या. डिस्कचे बोल्ट आणि ब्रेकच्या कॅलिपरचे बोल्ट या काही अंदाजाने आवळायच्या वस्तू नाहीत. ज्या गाडीवर मागे बायको आणि पुढे टाकीवर लेकरू बसवून आपण माळशेज घाट किंवा डिंभ्याहून भीमाशंकरचा चढ चढतो, तिच्या चाकाचा नट ढिला राहिला तर काय होईल हे लिहून दाखवण्याची गरज नाही.

नट आवळतो म्हणजे नेमके काय होते, हे थोडक्यात पाहू. आवळलेला बोल्ट रबरासारखा किंचित ताणला जातो, आणि तो ताण दोन भागांना एकमेकांवर दाबून धरतो. ताण कमी पडला तर गाडीच्या थरथरीने नट सुटतो. ताण जास्त झाला तर बोल्ट कायमचा लांबतो, तुटतो, नाहीतर आटे जातात. आपण पान्यावर जो जोर लावतो त्यातला साधारण दहावा हिस्साच हा ताण निर्माण करण्यात खर्च होतो. बाकीचा सगळा जोर नटाखालचे आणि आट्यांतले घर्षण खाऊन टाकते. आट्यांना तेल किंवा ग्रीस लागले की घर्षण कमी होते आणि तेवढ्याच जोरात ताण कितीतरी वाढतो. म्हणून गाडीच्या पुस्तकात तेल लावा असे सांगितले नसेल तर आटे पुसून कोरडे ठेवावेत. आपल्याकडे पावसाळ्यात चिखल आणि गंज इतका असतो की उलट अडचणही येते. गंजलेल्या आट्यांत पाना माप दाखवतो, पण नट प्रत्यक्षात बसलेलाच नसतो. आधी तारेच्या ब्रशने आटे साफ करावेत, मग माप घ्यावे.

पाने बनवणाऱ्या जुन्या लोकांना हे सारे ठाऊक होते. १० नंबरचा पाना आखूड आणि २४ नंबरचा लांब का असतो, याचा विचार आपण कधी केला आहे का? छोट्या नटावर जोर कमीच पडावा म्हणून पान्याची लांबीच कमी ठेवलेली असते. त्या पान्याला पाईप लावला की ती सगळी योजना मोडीत निघते. घरात टॉर्क पाना येवो न येवो, पाईप मात्र आजच भंगारात द्यावा.

हा पाना काही आजचा शोध नाही. न्यूयॉर्क शहराच्या पाणीपुरवठा खात्यात काम करणाऱ्या कॉनराड बाहर या माणसाने १९१८ च्या सुमारास तो बनवला असे सांगतात. तिथे पाण्याच्या मोठ्या नळांचे जोड आवळताना बोल्ट जास्त आवळले जात आणि तुटत. म्हणजे आपल्या ऑइलच्या नटाचे जे दुखणे, तेच त्यांच्या नळांचे होते.

आता खरेदीकडे येऊ. ग्राहक दुकानात जाऊन टॉर्क पाना मागतो तेव्हा बहुतेक वेळा अर्धा इंची चौकोनाचा, २८ ते २१० न्यूटन मीटरचा लांबलचक पाना त्याच्या हातात दिला जातो. ग्राहकही खूश होतो, कारण पाना मोठा आणि वजनदार आहे, पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. माझे स्पष्ट मत असे की मोटारसायकलीसाठी ही खरेदी चुकीची आहे. तो मोटारीच्या आणि जीपच्या चाकांचा पाना आहे. दहा ग्रॅम केशर मोजायला धान्याचा काटा वापरावा, तसला हा प्रकार. शंभर किलोच्या काट्यावर दहा ग्रॅम दिसतच नाहीत, हे किराणा दुकानदाराला कुणी शिकवायला नको.

मोटारसायकलीवर कोणती मापे लागतात ते पाहा. जपानी पद्धतीच्या गाड्यांत ज्या बोल्टला वेगळे माप दिलेले नसते त्याला ६ मिलिमीटरच्या साध्या बोल्टसाठी १० न्यूटन मीटर, ८ मिलिमीटरला २२ च्या आसपास आणि १० मिलिमीटरला ३४-३५ असा सर्वसाधारण हिशेब असतो. १० मिलिमीटर आट्यांच्या लहान प्लगला १० ते १२ पुरतात. शंभर सीसीच्या गाडीचा ऑइलचा नट साधारणपणे २५ ते ३० मध्ये बसतो. मागच्या चाकाचा नट गाडीप्रमाणे पन्नासच्या पुढे जातो, मोठ्या गाडीत त्याहून बराच वर. ही मापे दिशा कळावी म्हणून दिली आहेत. अखेरचा शब्द आपल्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तकाचा, शेजाऱ्याच्या गाडीच्या पुस्तकाचा नव्हे. गाडीबरोबर मिळणाऱ्या छोट्या पुस्तिकेत सगळी मापे नसतात. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस केंद्रात विचारून आपल्याला लागणारी पाच-सहा मापे एका कागदावर लिहून घ्यावीत आणि तो कागद दुकानात न्यावा. मापे हातात असली तर दुकानदार आपल्याला भलताच पाना देऊ शकत नाही.

या कागदावरून एक गोष्ट लगेच लक्षात येते. बहुतेक कामे १० ते ६० च्या मध्ये आहेत. म्हणून पहिला आणि एकच पाना घ्यायचा असेल तर तीन अष्टमांश इंची चौकोनाचा, १० ते ६० किंवा त्याच्या आसपासच्या मापाचा घ्यावा. याच चौकोनात १९ ते ११० चा पानाही मिळतो. तो चाकांना आणि ऑइलच्या नटाला चालेल, पण प्लगला आणि ६ मिलिमीटरच्या बोल्टला चालणार नाही. चांगला पानासुद्धा आपल्या कमाल मापाच्या पाचव्या हिश्शापासून पुढेच भरवशाचा मानतात. ६० चा पाना १२ पासून विश्वासाचा, २१० चा पाना ४२ पासून. २५ चा ऑइलचा नट २१० च्या पान्याने आवळणारा माणूस पैसे देऊन अंदाजच विकत घेतो. ज्याला हेडचे कव्हर, क्लचचे कव्हर अशी नाजूक कामे करायची असतील त्याने पुढे कधीतरी पाव इंची चौकोनाचा २५ पर्यंतचा छोटा पाना घ्यावा. साध्या घरगुती कामाला त्याची घाई नाही. ६ मिलिमीटरचे बोल्ट आखूड पान्याने, दोन बोटांनी आवळले तरी निभते.

पान्याचे प्रकार तीन. पहिला काट्याचा. त्यात पान्याची दांडीच वाकते आणि शेजारची सुई पट्टीवर माप दाखवते. हा प्रकार मला सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण तराजूप्रमाणे त्याचा शून्य डोळ्यांना दिसतो. सुई शून्यावर नसेल तर तो बिघडला आहे हे लहान मुलालाही कळते. मात्र गाडीखाली आडवे पडून पट्टी वाचणे जिकिरीचे होते, आणि आपल्या भागातील दुकानांत हा पाना सहसा दिसत नाही. दुसरा टक्‌ आवाज देणारा. मूठ फिरवून माप लावायचे, ते माप आले की पाना हाताला झटका देतो. बाजारात हाच जास्त चालतो आणि सरावाला सोपा आहे. तिसरा आकडे दाखवणारा बॅटरीचा. कारखान्यात ठीक आहे, पण घरी सहा महिन्यांनी काढला की बॅटरी उतरलेली असते. काट्याचा मिळाला तर तो घ्यावा, नाहीतर टक्‌ वाजणारा. बॅटरीच्या पान्याच्या मागे लागू नये.

टक्‌ वाजणाऱ्या पान्याचे काही अदब आहेत. टक्‌ आवाज आला की थांबायचे. खात्रीसाठी पुन्हा दोनदा टक्‌ टक्‌ करणारे लोक प्रत्येक वेळी नट थोडा थोडा पुढे नेतात. मूठ जिथे धरायची खूण आहे तिथेच धरायची आणि सावकाश ओढायची, हिसका द्यायचा नाही. या पान्याने नट कधीही सोडवायचा नाही, त्यासाठी साधा गोटी पाना आहे. काम झाले की मूठ फिरवून सर्वांत खालच्या मापावर आणून ठेवायची, नाहीतर आतली स्प्रिंग दबून मरते. शून्याच्या खालीही नेऊ नये. हातोडा म्हणून तर मुळीच वापरू नये. हे लिहावे लागते, कारण मी पाहिले आहे.

मापाच्या एककांतही फसगत होते. जुन्या पुस्तकांत माप किलोग्रॅम मीटरमध्ये असते, नव्यांत न्यूटन मीटरमध्ये, आणि पान्याच्या एका बाजूला फूट पौंड कोरलेले असतात. १ किलोग्रॅम मीटर म्हणजे ९.८ न्यूटन मीटर, साधारण दहा धरा. १ फूट पौंड म्हणजे १.३६ न्यूटन मीटर. पुस्तकात २५ न्यूटन मीटर आहेत आणि आपण चुकीच्या बाजूचे २५ लावले तर नटावर ३४ पडतात. आटे जायला तेवढे पुरते, आणि दोष मात्र पान्याला दिला जातो.

किंमत दोन-तीन हजारांपासून सुरू होते आणि वर कितीही जाते. देशी मालात नाशिकच्या सातपूर वसाहतीतल्या टपारिया कंपनीचे नाव हत्यारांच्या धंद्यातील सर्वांना माहीत आहे. परदेशी नावे पुष्कळ आहेत. मी कोणत्याही एका नावाची शिफारस करणार नाही. पेटीत तपासणीचा दाखला आहे का ते पाहावे, आणि दाखल्यावरील नंबर पान्यावर कोरलेल्या नंबराशी जुळतो का तेही पाहावे. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ६७८९ प्रमाणे टक्‌ वाजणाऱ्या पान्यात १० न्यूटन मीटरच्या वर चार टक्क्यांपर्यंत फरक चालतो. पाच हजार वेळा वापर किंवा बारा महिने, यांपैकी जे आधी येईल तेव्हा तो पुन्हा तपासावा असा त्या मानकाचा संकेत आहे. घरचा पाना पाच हजार वेळा जन्मात वापरला जाणार नाही, पण पडला-आपटला तर तपासलाच पाहिजे. भोसरी-चिंचवडच्या औद्योगिक भागात एनएबीएलची मान्यता असलेल्या तपासणी प्रयोगशाळा आहेत, त्या पैसे घेऊन दाखला देतात.

दरवेळी तिथे जाणे परवडत नसेल तर ढोबळ तपासणी घरीही करता येते, आणि ती करायला व्यापाऱ्याइतका लायक दुसरा कुणी नाही, कारण त्याच्याजवळ सरकारी शिक्का मारलेली वजने असतात. पान्याचा चौकोन वाइसमध्ये घट्ट धरावा, दांडी आडवी ठेवावी. चौकोनाच्या मध्यापासून मुठीच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजावे. समजा ते २५ सेंटिमीटर आहे. पाना २५ न्यूटन मीटरवर लावावा आणि मुठीच्या मध्याला दोरीने वजन अलगद टांगावे. १० किलोचे वजन २५ सेंटिमीटरवर म्हणजे २४.५ न्यूटन मीटर. पान्याचे स्वतःचे वजनही त्यात थोडी भर घालते. म्हणून ९ किलोला टक्‌ होता कामा नये आणि ११ किलोला झालेच पाहिजे. ९ किलोलाच वाजला किंवा ११ लाही गप्प राहिला तर पाना बाजूला ठेवावा. ही प्रयोगशाळेची बारीक तपासणी नव्हे. पण ठार बिघडलेला पाना यात सापडतो. आपल्या काट्यावर वैधमापनाचा शिक्का नसेल तर आपण गिऱ्हाइकासमोर मान वर करू शकत नाही. पान्याचेही तसेच समजावे.

पैशाचा प्रश्न उरतो. ज्याची महिन्याची बचत हजार रुपये आहे त्याने तीन-चार हजारांचा पाना वर्षातून चारदा वापरण्यासाठी घ्यावा का? मी म्हणेन, एकट्याने घेऊ नये. आधी चांगल्या गोट्या आणि एक चांगला रॅचेट घ्यावा, कारण घासलेली गोटी नटाचे कोपरे गोल करते आणि मग कोणत्याही टॉर्क पान्याचा उपयोग उरत नाही. टॉर्क पाना मोहल्ल्यातील पाच-सहा घरांनी मिळून घ्यावा. मात्र सगळ्यांचा म्हणून तो कुणाच्याही ओट्यावर पडून राहिला तर वर्षाच्या आत संपेल. एका माणसाच्या दुकानात, त्याच्याच पेटीत, वहीत नोंद करून तो ठेवावा. कुणी नेला, कधी परत केला, परत करताना मूठ खालच्या मापावर आणली होती का, एवढे तीन रकाने पुरेत. पडला असेल तर तसे खरे सांगावे, लपवू नये. पुढच्या घराचे चाक त्याच पान्यावर आवळले जाणार आहे.

गॅरेजवाल्या भावांनाही एक विनंती आहे. दोन-चार गाड्यांच्या वर काम रोज असेल तर हा पाना तुम्हाला आलाच पाहिजे. चाकाचा नट, कॅलिपर आणि ऑइलचा नट गिऱ्हाइकासमोर टॉर्क पान्याने आवळा आणि बिलावर तसे लिहा. आज बरेच गिऱ्हाईक कंपनीच्या सर्व्हिस केंद्राकडे वळते ते पांढऱ्या फरशीसाठी नव्हे, तिथे काम मापाने होते या समजुतीने वळते. ती समजूत नेहमी खरी असतेच असे नाही. शागीर्दाच्या हातात पहिल्या वर्षीच हा पाना द्यावा. प्रत्येक नट आधी हाताने आवळायला लावावा, मग पान्याने मोजून दाखवावे की त्याचा हात किती चुकला. उस्तादाला दहा वर्षांत जे मनगट आले ते या रीतीने पोराला बरेच लवकर येईल, आणि मग बुजुर्गांची तक्रारही राहणार नाही.

नारायणगाव, मंचर, घोडेगाव आणि जुन्नरच्या हार्डवेअर दुकानदारांनी अर्धा इंची मोठ्या पान्याबरोबर तीन अष्टमांशाचा १० ते ६० चा पानाही कपाटात ठेवावा. आज तो मागितला तर पुण्याहून मागवावा लागेल असे उत्तर मिळते, आणि ग्राहक समोर असलेला मोठा पाना घेऊन जातो. दोन नग आणून पाहावेत. मापांचा कागद घेऊन येणारे ग्राहक वाढले तर ते पडून राहणार नाहीत.